टंचाईच्या बेटावर कलेचं पीक

क्युबा म्हटलं की आपल्याला आठवते ती फिडेल कॅस्ट्रोची दाढी, हवानाचे सिगार, साखर आणि रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या अमेरिकन मोटारी. पण या चिमुकल्या बेटानं गेल्या चाळीसेक वर्षांत जगाला आणखी एक गोष्ट दिलीय, ती म्हणजे एकाहून एक चित्रकार अन् शिल्पकार. रंग मिळत नाहीत तर नाहीत, असं म्हणत पुठ्ठा, फळकुटं आणि फुटक्या फरशा हाताशी धरणाऱ्या या कलावंतांची ही ओळख.

१९९४चा मे महिना. क्युबाची राजधानी हवाना इथं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन भरलं होतं. त्यात चोवीस वर्षांच्या एका तरुणानं भिंतीवर काही टांगण्याऐवजी जमिनीवरच होड्या मांडून ठेवल्या. एक-दोन नव्हे, होड्यांचा आख्खा ताफा. काही खेळण्यातल्या, काही लाकडाच्या तुकड्यांच्या, तर काही समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेल्या सटरफटर वस्तूंपासून केलेल्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. या कलाकृतीचं नाव होतं ‘ला रेगाता’, म्हणजे होड्यांची शर्यत. आणि त्या तरुणाचं नाव आलेक्सिस लेवा माचादो. पण कलेच्या जगात त्याला ओळखतात ते ‘काचो’ या टोपणनावानं.

त्यानंतर जेमतेम तीन महिने झाले आणि ऑगस्टमध्ये ही शर्यत खरोखरच सुरू झाली. उपासमारीला कंटाळलेली माणसं टायरच्या ट्यूब, रिकामी पिंपं, घराचे दरवाजे, जे हाताला लागेल ते एकमेकांना बांधून समुद्रात उतरू लागली. अमेरिकेचा फ्लोरिडा किनारा तिथून साधारण दीडशे किलोमीटरवर. महिन्याभरात पस्तीसेक हजार माणसांनी अशी वाट धरली. कित्येक जण पोहोचलेच नाहीत. काचोच्या होड्यांकडे बघून प्रदर्शनात गप्प झालेल्या लोकांना या होड्या कसल्या ते आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

क्युबाची कला अशी आहे. तिथला चित्रकार घरात जे आहे त्यातून काम करतो, अन् घरात जे चाललंय त्याबद्दलच बोलतो. यातली पहिली गोष्ट त्याला टंचाईनं शिकवली. दुसरीची किंमत मात्र त्याला अनेकदा मोजावी लागली.

गव्हापासून रंगापर्यंत सगळंच कमी

ही टंचाई आली कुठून? १९५९ मध्ये कॅस्ट्रोची क्रांती झाली, मग अमेरिकेनं व्यापार बंद केला आणि क्युबा सोव्हिएत रशियाच्या आधारानं उभा राहिला. तेल तिथून यायचं, धान्य तिथून यायचं, यंत्रांचे सुटे भागही तिथूनच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि हा आधार एका रात्रीत गेला. सरकारनं त्या दिवसांना नाव दिलं ‘स्पेशल पीरियड’, म्हणजे विशेष काळ. विशेष म्हणजे काय, तर बस बंद, दिवे बंद, रेशनच्या रांगा लांबच लांब. लोक चिनी सायकली दामटू लागले. १९९२ मध्ये भारतातल्या डाव्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून क्युबासाठी गहू गोळा केला आणि दहा हजार टनांचा साठा जहाजानं रवाना केला, ते याच दिवसांत.

जिथं खायला गहू नाही तिथं तैलरंग आणि कॅनव्हास कुठून येणार? पण गंमत अशी, की याच काळात क्युबाची कला जगभर पोहोचली. त्यामागं तीन गोष्टी होत्या. एक जुनी परंपरा, दुसरी फुकट मिळणारं उत्तम शिक्षण, आणि तिसरी, काहीही वाया न घालवण्याची सवय.

परंपरेचा मूळपुरुष म्हणजे विफ्रेदो लाम. १९०२ मध्ये जन्मलेल्या लामचे वडील चिनी, तर आईच्या रक्तात आफ्रिका आणि स्पेन दोन्ही. माद्रिद आणि पॅरिसमध्ये शिकून, पिकासोची दोस्ती मिळवून तो युद्धामुळं मायदेशी परतला आणि १९४३ मध्ये त्यानं ‘ला हुंग्ला’ म्हणजे ‘जंगल’ हे प्रचंड चित्र रंगवलं. उसाचे उंच दांडे, त्यातून डोकावणारे आफ्रिकी मुखवट्यांसारखे चेहरे, लांबच लांब हातपाय. ज्या उसाच्या मळ्यात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या पिढ्या खपल्या, त्या मळ्याचंच हे चित्र. आज ते न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. हवानात १९८३ मध्ये लामच्या नावानं कलाकेंद्र निघालं आणि त्याच केंद्रानं १९८४ पासून ‘हवाना बिएनाल’ हे प्रदर्शन सुरू केलं. काचोच्या होड्या मांडल्या गेल्या त्या याच प्रदर्शनाच्या पाचव्या खेपेला. युरोप-अमेरिकेच्या मोठ्या प्रदर्शनांत ज्यांना फारशी जागा मिळत नसे, त्या लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियाच्या कलावंतांना या बिएनालनं हक्काचं दालन दिलं.

गोल्फच्या मैदानावरची शाळा

आता शिक्षणाकडे वळू. हवानातली सान आलेहांद्रो ही कलाशाळा १८१८ची. क्रांतीनंतर मात्र त्याहून भव्य बेत शिजला. श्रीमंतांच्या कंट्री क्लबचं गोल्फ मैदान हवानात होतं. १९६१च्या सुरुवातीला कॅस्ट्रो आणि चे गव्हेरा तिथं गोल्फ खेळायला गेले आणि खेळता खेळता ठरलं की या हिरवळीवर गरिबांच्या पोरांसाठी कलाशाळा बांधायच्या.

काम दिलं तीन वास्तुशिल्पींना. क्युबाचा रिकार्दो पोरो आणि इटलीचे दोघं, व्हित्तोरिओ गराती व रोबेर्तो गोत्तार्दी. पण सिमेंट अन् लोखंड आणायचं कुठून? तिघांनी मातीच्या विटा आणि फरश्या घेतल्या आणि स्पेनच्या कॅटलोनिया भागातली जुनी कमान बांधण्याची रीत वापरून घुमटच घुमट उभे केले. चित्रकला, नृत्य, संगीत, बॅले आणि नाटक अशा पाच शाळा. वळणदार वाटा, एकमेकांना टेकलेले घुमट. विटांचं एखादं गावच म्हणा ना!

पुढं वारं फिरलं. असलं बांधकाम उधळपट्टीचं आणि दिखाऊ आहे, अशी टीका सुरू झाली. १९६५ मध्ये काम अर्धवटच थांबवलं गेलं. पोरो पॅरिसला गेला. बॅलेच्या शाळेत तर झाडं उगवली. वर्षानुवर्षं पडझड झाल्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डागडुजीची चर्चा सुरू झाली. आज या अपुऱ्या इमारती विसाव्या शतकातल्या उत्तम वास्तूंमध्ये गणल्या जातात.

इमारती अपुऱ्या राहिल्या, पण शिकवणं थांबलं नाही. १९७६ मध्ये त्याच आवारात उच्च कलासंस्था सुरू झाली. प्रवेशपरीक्षेत गुण दाखवले की फी नाही. मच्छीमाराचा, सुताराचा, मळ्यातल्या मजुराचा मुलगा तिथं शिकू लागला. १९८१च्या जानेवारीत अकरा तरुणांनी ‘व्होल्युमेन उनो’ म्हणजे ‘खंड पहिला’ या नावानं प्रदर्शन भरवलं आणि सरकारी छापाच्या प्रचारी चित्रांना रजा दिली. त्यात आफ्रो-क्युबन श्रद्धांचा अभ्यास करणारा होसे बेदिया होता. योग आणि ध्यानाची गोडी असलेला तोमास सांचेसही होता. सांचेस एकीकडे आरशासारखं स्वच्छ पाणी अन् घनदाट अरण्यं रंगवतो, तर दुसरीकडे क्षितिजापर्यंत पसरलेले कचऱ्याचे ढीग. क्युबाच्या नव्या कलेची सुरुवात याच प्रदर्शनापासून मानतात.

पुठ्ठ्यावरची राजकन्या

टंचाईतून कला कशी घडते ते बघायचं तर बेल्किस आयोनचं काम बघावं. १९६७ मध्ये हवानात जन्मलेल्या बेल्किसनं छापचित्रांची वाट धरली. छापचित्राला तांब्या-जस्ताचा पत्रा, लाकूड नाहीतर खास दगड लागतो. तिनं घेतला साधा पुठ्ठा. त्यावर कागदाचे कपटे, काचकागद, भाज्यांची सालंसुद्धा चिकटवायची, मग शाई लावून तो कागदासह दाबयंत्रातून काढायचा. या पद्धतीला कोलोग्राफ म्हणतात. काचकागदाचा खरखरीतपणा जास्त शाई धरतो, म्हणून तिथं गडद काळा उमटतो. गुळगुळीत भाग पुसला जातो, तिथं पांढरा. बेल्किसनं पुढं रंग सोडूनच दिले. काळा, पांढरा आणि त्यांच्यामधल्या करड्या छटा, एवढ्यावर ती अनेक कागद जोडून भिंतभर चित्रं करू लागली.

विषयही तिनं अवघड निवडला. अबाकुआ ही आफ्रिकेतून आलेल्या गुलामांच्या वंशजांनी क्युबात रुजवलेली गुप्त संघटना. तिच्यात फक्त पुरुषांना प्रवेश. तिच्या मूळ कथेत सिकान नावाची एक राजकन्या आहे. नदीवर पाणी भरायला गेलेल्या सिकानच्या घागरीत पवित्र मासा सापडतो आणि त्याचा आवाज तिच्या कानी पडतो. बाईला जे कळू नये ते तिला कळतं आणि ते ती गुपित ठेवत नाही, म्हणून तिचा बळी दिला जातो. बेल्किसनं ही सिकान पुन्हा पुन्हा चितारली, तीही स्वतःचं शरीर समोर ठेवून. तिच्या माणसांना तोंड नसतं. असतात ते फक्त टक लावून बघणारे बदामी डोळे. बोलायची बंदी असलेली माणसं डोळ्यांनी किती बोलतात, ते या चित्रांपुढं उभं राहिल्यावर उमगतं.

१९९३ मध्ये तिची चित्रं इटलीतल्या व्हेनिस बिएनालला निवडली गेली. त्या दिवसांत हवानात पेट्रोलचा थेंब मिळणं मुश्कील. चित्रांची गुंडाळी घेऊन ती वडिलांबरोबर सायकलवरून विमानतळाकडे निघाली! नाव होत होतं, देशोदेशींची बोलावणी येत होती, विद्यार्थी जीव लावत होते. आणि १९९९च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिनं स्वतःचं जीवन संपवलं. कारण कुणालाच नीट कळलं नाही. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि २०२२ मध्ये व्हेनिसच्या मुख्य प्रदर्शनात सिकान पुन्हा एकदा जगासमोर आली.

सुतारकाम आणि डॉलर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कलासंस्थेत तीन विद्यार्थी एकत्र आले. मार्को कास्तियो, दागोबेर्तो रोद्रिगेस आणि आलेक्सांद्रे अर्रेचेया. रंगांचा तुटवडा असल्यानं त्यांनी लाकूड हाती घेतलं. मिळेल तिथून लाकूड आणायचं आणि जुन्या कारागिरांच्या हातोटीनं त्यावर कोरीव काम करायचं. लोक त्यांना ‘लोस कार्पिन्तेरोस’ म्हणजे ‘सुतार’ म्हणू लागले आणि तेच त्यांचं नाव पडलं. १९९४च्या एका चित्रात त्यांनी स्वतःला गोल्फ खेळताना दाखवलंय, कोरलेल्या लाकडी चौकटीत. चित्राचं नाव ‘हवाना कंट्री क्लब’. ज्या हिरवळीवर त्यांची शाळा उभी होती, तिच्या जुन्या मालकांनाही चिमटा आणि नव्या मालकांनाही! अर्रेचेया २००३ मध्ये वेगळा झाला, उरलेल्या दोघांनी २०१८ पर्यंत जोडी टिकवली.

या सुतारांची कामं विकत कोण घेत होतं? गिऱ्हाईक बाहेरचं. अमेरिकेनं साखर, सिगार, सगळं बंद ठेवलं, पण १९९१ मध्ये मूळ चित्रं आणि शिल्पं निर्बंधांतून वगळली. म्हणजे अमेरिकन माणसाला हवानाचा सिगार नेता येईना, पण चित्र नेता येऊ लागलं. जर्मनीतला चॉकलेटचा कारखानदार पीटर लुडविग तर या कलेच्या प्रेमातच पडला. काचोची ‘ला रेगाता’ त्याच्याच संग्रहात गेली आणि १९९५ मध्ये त्याच्या नावानं हवानात तरुण कलावंतांसाठी प्रतिष्ठान उभं राहिलं. १९९३ मध्ये सरकारनं लोकांना डॉलर बाळगायची मुभा दिली, तेव्हा डॉलर कमावणाऱ्या मोजक्या लोकांत चित्रकार होते. सरकारी पगारावरचा डॉक्टर सायकल मारत दवाखान्यात जात असताना, परदेशात नाव झालेला चित्रकार घराची दुरुस्ती काढू लागला. त्यामुळं कलाशाळेच्या प्रवेशाला महत्त्व आलं हे खरं, पण कुणाला विकता येतं आणि कुणाला नाही, यावरून कलावंतांत दरीही पडली.

घर हीच गॅलरी

हवानात कला बघायची तर राष्ट्रीय कलासंग्रहालयात जावंच, पण तिथंच थांबू नये. कॅथेड्रलच्या चौकालगतच्या एका बोळात १९६२ पासूनची छापचित्रांची कार्यशाळा आहे. सिगारच्या खोक्यांवरची रंगीत लेबलं पूर्वी ज्या दगडांवरून छापत, त्या दगडांवर तिथं चित्रकारांनी आपली चित्रं काढली.

शहराच्या पश्चिमेला हायमानितास ही कोळ्यांची वस्ती. होसे फुस्तेर हा मातीकाम करणारा कलावंत सत्तरच्या दशकात तिथं राहायला आला आणि आपल्या लाकडी घराला फरशांचे रंगीत तुकडे डकवू लागला. घर संपलं, तसं शेजाऱ्यांना विचारलं. मग कुंपणं, दवाखाना, बसथांबा, करता करता गल्ल्याच्या गल्ल्या मासे, कोंबडे, जलपऱ्या आणि ताडांनी भरून गेल्या. स्वतःची चित्रं आणि मातीच्या वस्तू विकून आलेला पैसा तो या कामात घालत राहिला. लोक या भागाला फुस्तेरलांदिया म्हणतात. मध्य हवानातल्या हामेल गल्लीत साल्वादोर गोन्सालेसनं १९९० मध्ये असंच काम सुरू केलं. त्यानं आफ्रो-क्युबन देवदेवतांनी भिंती रंगवल्या आणि टाकून दिलेले न्हाणीचे टब कापून बाक केले.

ज्यांना सरकारी दालन मिळत नाही, त्यांनी काय करायचं? १९९४ मध्ये एसेकिएल स्वारेस याचं प्रदर्शन अधिकाऱ्यांनी होऊ दिलं नाही. तेव्हा त्यानं आणि चित्रकार सांद्रा सेबायोस हिनं वेदादो भागातल्या तिच्या राहत्या घरातच प्रदर्शन मांडलं. ‘आग्लुतिनादोर’ नावाची ही गॅलरी पुढं अनेक वर्षं नावडत्या कलावंतांचा आसरा ठरली. त्याच वेदादोत, खाद्यतेलाच्या जुन्या कारखान्यात, संगीतकार एक्स आल्फोन्सो यानं २०१४ मध्ये ‘फाब्रिका दे आर्ते कुबानो’ सुरू केली. एका छपराखाली चित्रं, छायाचित्रं, नाच, गाणी, सिनेमा. रात्री तिथं पोराटोरांपासून आजीआजोबांपर्यंत रांगा लागू लागल्या.

एका मिनिटाचा माईक

रंगांची टंचाई युक्तीनं भरून काढता येते. बोलण्याची टंचाई कशी भरायची, हा प्रश्न तानिया ब्रुगेरा हिनं विचारला. २००९च्या बिएनालमध्ये लाम केंद्रात तिनं एक व्यासपीठ आणि माईक ठेवला. यायचं आणि एक मिनिट हवं ते बोलायचं. लष्करी पोशाखातली दोन माणसं बोलणाऱ्याच्या खांद्यावर पांढरं कबुतर ठेवायची आणि मिनिट संपलं की त्याला खाली उतरवायची. कबुतराचा अर्थ क्युबात लहान मूलही जाणतं. जानेवारी १९५९ मध्ये विजयी कॅस्ट्रोच्या भाषणाच्या वेळी असंच कबुतर त्याच्या खांद्यावर बसलं होतं. लोक आले, कुणी स्वातंत्र्य मागितलं, एक बाई तर नुसतीच रडली. आयोजकांनी नंतर या प्रकाराचा निषेध केला. डिसेंबर २०१४ मध्ये हाच माईक क्रांती चौकात न्यायचं तानियानं ठरवलं, तेव्हा तिला चौकात पोहोचण्याआधीच ताब्यात घेतलं गेलं आणि तिचा पासपोर्ट काढून घेतला गेला.

त्याच सुमारास काचोचं चित्र निराळं होतं. होड्यांचा हा शिल्पकार सरकारच्या मर्जीतला झाला, संसदेत बसला. २०१५ मध्ये त्यानं आपल्या स्टुडिओत लोकांसाठी मोफत इंटरनेट सुरू केलं, तेव्हा पोरांची झुंबड उडाली. दोघंही एकाच कलासृष्टीतले, पण दोघांच्या वाटा किती वेगळ्या!

२०१८ मध्ये ३४९ क्रमांकाचा हुकूम निघाला. सरकारी परवानगीशिवाय कलावंतानं लोकांसमोर, अगदी खासगी जागेतही, काही सादर करायचं नाही. याविरुद्ध जुन्या हवानातल्या सान इसिद्रो वस्तीतून चळवळ उभी राहिली. तिचा म्होरक्या लुईस मानुएल ओतेरो अल्कान्तारा हा स्वतःच शिकलेला शिल्पकार. २७ नोव्हेंबर २०२० रोजी शेकडो कलावंत सांस्कृतिक मंत्रालयाच्या दारात रात्री उशिरापर्यंत उभे राहिले. जुलै २०२१ मध्ये देशभर निदर्शनं झाली, ओतेरोला अटक झाली आणि २०२२ मध्ये पाच वर्षांची शिक्षा. काही कैद्यांच्या सुटकेच्या बदल्यात तानियानं २०२१ मध्ये देश सोडायचं कबूल केलं.

राहायचं की जायचं?

क्युबाच्या प्रत्येक कलावंताला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. होसे बेदिया आणि ‘व्होल्युमेन उनो’तले बरेच जण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बाहेर पडले. त्यांच्याही आधी कारमेन एरेरा गेली होती. १९१५ मध्ये हवानात जन्मलेली ही चित्रकार १९५४ पासून न्यूयॉर्कला राहिली, रोज सरळ रेषा अन् दोन-तीन रंगांची चित्रं काढत राहिली आणि तिचं पहिलं चित्र विकलं गेलं ते २००४ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी! २०२२ मध्ये एकशे सहा वर्षांची होऊन ती गेली, तेव्हा मोठमोठ्या संग्रहालयांत तिची चित्रं होती.

मागं राहिलेल्यांनीही हा प्रश्न चित्रांत मांडला. हवानाचा समुद्रकाठचा रस्ता म्हणजे मालेकॉन. २०१२च्या बिएनालच्या वेळी आर्लेस देल रिओ यानं तिथं तारेच्या जाळीचं कुंपण उभारलं आणि त्यात विमानाच्या आकाराचं भोक पाडलं. पलीकडे समुद्र. संध्याकाळी मालेकॉनवर फिरायला येणारी कुटुंबं त्या भोकापुढं उभी राहून फोटो काढत. कुणाचा भाऊ पलीकडे, कुणाची मुलगी. २०१५ मध्ये त्यानंच मालेकॉनवर वाळू आणून टाकली, झावळ्यांच्या छत्र्या रोवल्या आणि मुलाबाळांसह लोकांनी तिथं मजेत दिवस घालवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये क्युबाची वीजव्यवस्था कोलमडून आख्खा देश अंधारात बुडाला. त्यानंतर महिन्याभरातच पंधराव्या बिएनालचं उद्घाटन झालं. बहिष्कार घालणारे होते, देश सोडून गेलेले तर कितीतरी होते. एकेका वर्गातले बहुतेक मित्र माद्रिद, मायामी किंवा मेक्सिकोत आहेत, असं सांगणारे तरुण चित्रकार हवानात आता शोधावे लागत नाहीत. तरीही प्रदर्शन भरलं.

क्युबन चित्रकारांच्या या गोष्टी वाचून ‘गरिबीतच कला फुलते’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. पुठ्ठ्यातून सिकान घडली ती बेल्किसच्या हुशारीमुळं आणि तिला फुकट शिकवणाऱ्या शाळेमुळं. पोटाला चिमटा आणि तोंडाला कुलूप यांनी तिच्यासारखी कितीतरी माणसं गमावली आहेत, त्यांची चित्रं कुठल्याच संग्रहालयात नाहीत.